‘उंदीर सांभाळायला शिकवलं का?’

ताई, गुहागरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीला मेडिकलच्या नीट परीक्षेत दुसऱ्या वेळी ४१२ गुण मिळाले, तिला झूमध्ये क्वोलसारखे छोटे मांसाहारी, पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारे प्राणी सांभाळायचेत आणि तिच्या बाबांना तिला एमबीबीएससाठी तिसऱ्यांदा बसवायचंय, हे सगळं तुम्ही पानभर लिहिलंत, आणि "उंदीर सांभाळायला शिकवलं का" म्हणून दोन महिने त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलंय, ती ताट घेऊन आतल्या खोलीत जेवते, हे मात्र शेवटी एका ओळीत. माझा जीव तिथेच अडकला. अशा घरात कुणाचा अभ्यास होईल? तिसऱ्यांदा एमबीबीएससाठी बसवणं अजिबात नको, मी स्पष्टच सांगतो.

आणि बाबांना सांगा, क्वोल उंदीर नाही, तो उंदीर खातो. ऑस्ट्रेलियातला, मांजराएवढा किंवा त्याहून लहान, रात्री हिंडणारा शिकारी. पूर्वेकडच्या क्वोलला एका वेळी ३० पर्यंत पिल्लं होतात, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि आईला सड फक्त ६, म्हणजे जगणार जास्तीत जास्त सहाच. सांभाळलेल्या क्वोलला नुसता मऊ खिमा घालून चालत नाही, हाडाकेसासकट अख्खा उंदीर, कोंबडीचं पिल्लू द्यावं लागतं, नाहीतर कॅल्शियम कमी पडतं, दात-हिरड्या बिघडतात. अँटेकायनस म्हणून एक त्याहून छोटा, त्याचे सगळे नर पहिल्याच विणीच्या हंगामानंतर वर्षभराच्या आतबाहेर मरतात. वजनं लिहायची, विष्ठा तपासायची, आणि लळा लागलेला जीव वर्षात गेलेला बघायचा, हे लेकीनेही नीट ऐकावं, व्हिडिओत हे दिसत नाही.

रस्ता म्हणाल तर बीव्हीएससी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची पदवी, साडेपाच वर्षं, आणि त्याला तीच नीट लागते, म्हणजे दोन वर्षं वाया गेली हे डोक्यातून काढा. पण फक्त क्वोलच हा हट्ट तिनेही सोडावा, आपल्या रानात पिशवीवाला एकही प्राणी नाही, उदमांजर, खवले मांजर, पाणमांजर मात्र कोकणातच आहेत.

फॉर्मबिर्म नंतर. आधी तिला महिनाभर जवळच्या गुरांच्या दवाखान्यात पाठवा, डॉक्टरांना विचारून, शेण-रक्त-जखमा बघू दे, नको वाटलं तर तसं सांगेल. आणि तिला सोडायला बाबांनीच जावं, गाडीवर अर्धा तास तरी दोघं सोबत असतील.