कंट्री संगीतात गायक-गीतकार म्हणून करिअर कसं घडतं?

तुम्ही अमेरिकेत शिकायला आहात, इंग्रजीत कंट्री वळणाची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय संगीताच्या धाटणीची गाणी लिहिता, गाता, आणि आता आधी आवाजावर मेहनत घ्यावी की व्हिडिओ टाकून फॉलोअर्स जमवावेत, असं विचारलं आहे. मी नोकरीनिमित्त टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये, कंट्री संगीताच्या राजधानीतच, राहते आणि हे संगीत जीव लावून ऐकते. माझं मत असं की या दोन्हींच्या आधी भरपूर गाणी लिहा, इतरांबरोबर बसून लिहा, आणि लिहिलेल्या गाण्यावरचा हक्क सांभाळा. या शहरात माणूस आधी गाण्यामुळे ओळखला जातो, गळ्याचं कौतुक मागाहून होतं.

आज कंट्रीतला मोठा गायक असलेल्या ख्रिस स्टेपलटनचंच बघा. केंटकीतल्या कोळसाखाणींच्या मुलखात वाढलेला मुलगा, वडील खाणीत इंजिनिअर. १९९६ मध्ये तो इंजिनिअरिंग शिकायला इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आला आणि शिक्षण अर्धवट सोडून परत गेला. दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणं हाही पोटापाण्याचा धंदा असतो, हे कळल्यावर २००१ मध्ये तो पुन्हा आला. काही दिवसांतच एका पब्लिशिंग कंपनीशी, म्हणजे गीतकारांची गाणी गायकांपर्यंत पोहोचवून त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीशी, त्याचा करार झाला.

या करारात काय असतं ते नीट समजून घ्या. कंपनी दरमहा ठरावीक रक्कम देते, तिला इथे 'ड्रॉ' म्हणतात. तो पगार नसतो, ती उचल असते. पुढे गाण्यांची रॉयल्टी आली की त्यातून ती वळती होते. बदल्यात तुम्ही गाण्याच्या मालकीतला वाटा देता. सकाळी दोघं-तिघं गीतकार एका खोलीत गिटार घेऊन बसतात, कुणीतरी एखादी ओळ आणलेली असते, आणि दुपार कलेपर्यंत गाणं उभं राहतं. बहुतेक गाणी कुणी रेकॉर्ड करत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. स्टेपलटननं हे वर्षानुवर्षं केलं. जॉश टर्नर, केनी चेस्नी, ल्यूक ब्रायन यांनी त्याची गाणी पहिल्या क्रमांकावर नेली आणि त्याचं नाव सामान्य श्रोत्याला माहीतही नव्हतं. मधल्या काळात तो 'स्टीलड्रायव्हर्स' या ब्लूग्रास (बँजो-फिडलवर वाजणारा कंट्रीचा जुना भाऊबंद) बँडमध्ये गायला. २०१३ मध्ये स्वतःच्या नावानं पहिलं गाणं काढलं, ते चाललं नाही, आणि त्यामागून यायचा अल्बम बाहेरच पडला नाही.

मग मे २०१५ मध्ये 'ट्रॅव्हलर' हा त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला. त्या नोव्हेंबरात सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांच्या मंचावर पॉप गायक जस्टिन टिंबरलेकबरोबर तो गायला, तीन पुरस्कार घेऊन गेला, आणि चार्टवरून उतरलेला अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर परतला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. एका रात्रीत घडलेला चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, ते मला पटत नाही. त्या रात्रीमागे चौदा वर्षांचं बसून लिहिणं होतं.

गंमत म्हणजे त्या रात्री गाजलेलं 'टेनेसी व्हिस्की' हे गाणं त्याचं नाहीच. ते डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांनी लिहिलं आणि १९८० च्या दशकात जॉर्ज जोन्स या कंट्री गायकानं गाजवलं होतं. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार आणि पब्लिशरला पैसे मिळतात, गाणाऱ्याला त्या वाजण्याचे काहीच मिळत नाहीत. म्हणजे स्टेपलटनचा आवाज रेडिओवर घुमतो आणि त्याची रॉयल्टी जाते गाणं लिहिणाऱ्यांच्या बाजूला. 'आधी काय?' या तुमच्या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तर इथे आहे.

हे कंट्री गायिका-गीतकार डॉली पार्टनइतकं लवकर फार थोड्यांना उमगलं. १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नॅशव्हिलला आली. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे तिचं गाणं १९७४ मध्ये गाजलं आणि एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याच्या मॅनेजरनं पब्लिशिंगचा अर्धा हक्क मागितला. एल्व्हिसनं आपलं गाणं गावं असं कुणाला वाटणार नाही? तिनं नाही म्हटलं, आणि रात्रभर रडल्याचं तिनंच पुढे सांगितलं आहे. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं, ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि हक्क डॉलीकडेच होता. आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीनं गीतकाराच्या रॉयल्टीला बरंच संरक्षण दिलं आहे. इथे मात्र सही कशावर करता यावरच जवळजवळ सगळं ठरतं. म्हणून करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. चौघांनी मिळून लिहिलंत तर कुणाचा किती वाटा हे त्याच दिवशी कागदावर घ्या. गाणं वाजल्याची रॉयल्टी गोळा करून गीतकारांना देणाऱ्या बीएमआय किंवा एएससीएपी (ॲस्कॅप) यांपैकी एका संस्थेत नाव नोंदवा.

शिकण्यासाठी इथल्या ब्लूबर्ड कॅफेला एकदा तरी या. १९८२ मध्ये सुरू झालेली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची जागा, दुकानांच्या साध्या रांगेत. गीतकार मधोमध गोल करून बसतात, आळीपाळीनं गातात, आणि प्रेक्षकांनी गप्पा मारल्या तर त्यांना गप्प केलं जातं. गार्थ ब्रुक्स आणि टेलर स्विफ्ट या दोघांनाही संधी मिळाली ती इथेच. व्हिडिओ टाका, त्यानं नुकसान नाही, पण अनोळखी माणसांच्या शांततेत आपली दुसरी ओळ कोसळते की टिकते, हे इथे लगेच कळतं.

एक अडचण आधीच सांगते. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय पैसे घेऊन कार्यक्रम करता येत नाहीत. कुठलंही मानधन स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा.

आणि कृपा करून टेक्सासमधला ट्रक आणि कधी न पाहिलेली शेतं गाण्यात आणू नका. डॉलीनं आईनं चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर लिहिलं, शाळेत मुलं हसली तेही लिहिलं. कंट्रीचं बळ अशा खऱ्या, नेमक्या तपशिलात असतं. तुमच्या गावची एसटी, आजोबांचं कर्ज, आईचा फोनवरचा आवाज हे इंग्रजीत लिहून बघा. असं एखादं गाणं झालं तर बोल खाली प्रतिक्रियेत टाका, मी वाचून मोकळेपणानं सांगेन.