चळवळीतली पोर आणि बारावीनंतरचा फॉर्म

प्रश्न : मुलगी पाचवीपासून राष्ट्र सेवा दल या समतेचे संस्कार देणाऱ्या मुला-तरुणांच्या संघटनेच्या शाखेत जाते. कलापथकात गायली, पथनाट्यं केली, मोर्चात घोषणा दिल्या. आता बारावी, कला शाखा. दोन महिन्यांपासून शाखेत पाऊल नाही. विचारलं तर म्हणते, "चळवळ काढून टाकली तर मी कोण, तेच कळत नाही." तिनं आमचं कार्य पुढे न्यावं असं वाटतं, पण पोटापाण्याचं काय?
– एक आई, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, नमस्कार.

पत्रात "आमचं कार्य" वाचलं आणि तिथेच थबकलो. मुलगी अडकलीय ती बहुधा याच शब्दात.

दहा वर्षांच्या पोरीनं माइकवर समतेचं गाणं म्हटलं की मोठी माणसं कौतुकानं वेडी होतात. मीही लहानपणी असं कौतुक भरपूर खाल्लंय. त्यातून धीटपणा येतो, जात-धर्म न विचारता एका पंगतीत जेवायची सवय लागते आणि ती जन्मभर सुटत नाही. पण बोललेले शब्द बहुतेक मोठ्यांचे असतात. सतरा-अठराव्या वर्षी मूल ते तपासायला बसतं, त्यातलं माझं किती, असं विचारतं. बाहेरून ते चळवळ सोडल्यासारखं दिसतं. मला ते वयात येणं वाटतं.

1941 पासून सेवा दलानं हजारो मुलं घडवली, पण सगळी काही पूर्णवेळ कार्यकर्ती झाली नाहीत. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि कलापथकात वग रंगवत. पुढे पडद्यावर बायाबापड्या शिव्या घालतील असे खलनायक केले, आणि प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिले. स्मिता पाटीलही सेवा दलातलीच. दोघांचा पेशा अभिनय. संस्कार पेशात उतरला, पण पेशा झाला नाही.

म्हणून तिला "समाजकार्य करणार का?" असं विचारू नका. शिबिरात कोणतं काम ती न सांगता अंगावर घ्यायची, ते आठवायला सांगा. पथनाट्याची संहिता लिहायची? मग पत्रकारिता किंवा मराठी साहित्य. रुसलेल्या पोरांना जवळ घेऊन बसायची? मानसशास्त्र. पोलीस परवानगीचा अर्ज, नियम, हुज्जत यात रमायची? बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे; खुल्या वर्गाला बारावीत किमान 45 टक्के लागतात आणि राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. समाजकार्यच हवं असेल तर बीएसडब्ल्यू ही पदवी आहे, आणि कोणत्याही पदवीनंतर एमएसडब्ल्यू हे पदव्युत्तर शिक्षणही करता येतं. त्यामुळे आजच फैसला नको. पगाराचं खरं सांगतो : संस्थांमध्ये सुरुवात बेताचीच असते. तेही तिला आधी कळू द्या.

गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या 'सर्च' या संस्थेचा 'निर्माण' हा उपक्रम 2006 पासून नेमक्या अशा तरुणांसाठी चालतो. पदवीच्या काळात तिला वाटलं तर तिनं स्वतः अर्ज करावा. तुम्ही भरून देऊ नका.

आणि मे महिन्यात शिबिराची तारीख आली की घरात विषय काढू नका. गेली तर डबा द्या, नाही गेली तर कारण विचारू नका.