बाळाच्या खोलीत काही राहून तर गेलं नाही ना?

आठव्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी फोनमधली यादी दाखवली. बाळाच्या खोलीत काय काय हवं, याची. डोकं गोल राहावं म्हणून खोलगट उशी, कॉटच्या कडांना बांधायच्या गाद्या, बाळ कुशीवर राहावं म्हणून छोटे तक्के, श्वासावर लक्ष ठेवणारा पायमोजा. बरंचसं आणूनही झालं होतं. “तरी रात्री दोनला उठून मी त्या खोलीत जाऊन बसते. काहीतरी राहिलंय असंच वाटतं,” त्या म्हणाल्या. नवरा म्हणायचा, “अगं, सगळं ठीक आहे.” तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, की पुन्हा तोच प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी “घाबरू नका” म्हणून बोळवण करणं मला पटत नाही. भीतीमागे खरं कारण आहे. तान्ही बाळं कधीकधी झोपेत अचानक दगावतात. बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात जास्त. पण यात आईबापांच्या हातात बरंच काही असतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘बाळांना पालथं झोपवू नका’ असं सांगितलं, पुढे ‘उताणंच झोपवा’ अशी मोहीम चालली, आणि दहाएक वर्षांत तिथलं अशा मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यासाठी कुणाला काही विकत आणावं लागलं नव्हतं.

मग आम्ही यादी पुन्हा वाचली, या वेळी काट मारत. उशी, तक्के, कडांच्या गाद्या, मऊ खेळणी, सैल पांघरूण, सगळं कॉटबाहेर. मऊ वस्तूत तोंड रुतलं तर एवढ्याशा बाळाला मान वळवून सुटता येत नाही. सोडलेलाच श्वास ते पुन्हा घेत राहतं. गादी टणक आणि सपाट हवी, तिच्यात आणि कडेत फट नको, चादर घट्ट बसणारी हवी. कॉटच्या दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पोटावर ठेवावं. आणि तो पायमोजा? अशा यंत्रांनी हे मृत्यू टळतात असं सिद्ध झालेलं नाही. उलट खोट्या इशाऱ्यांनी घाबरलेली आई आणखी घाबरते.

त्यांच्या सासूबाईंना एक शंका होती. उताण्या बाळाला उलटी झाली तर घशात अडकेल. शंका रास्त आहे, पण उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध सहसा श्वासात जात नाही. हे चित्र काढून दाखवल्यावर त्यांना पटलं.

ताईंना खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. निदान पहिले सहा महिने बाळाने रात्री आईबापांच्याच खोलीत झोपायचं, फक्त वेगळ्या कॉटमध्ये. म्हणजे ज्या खोलीसाठी त्या रात्री जागत होत्या, तिथे बाळ इतक्यात रात्री झोपणारच नव्हतं!

काळजी माणसाला जमवायला लावते. एक वस्तू आणली की घटकाभर शांत, मग पुढची. नवऱ्याचं “ठीक आहे” हेही त्यातलंच. म्हणून मी दोघांना एक काम दिलं. दिवसाउजेडी, एकदाच, जमिनीवर बसून बाळाच्या उंचीवरून दोन्ही खोल्या बघायच्या. बसल्यावर दिसलं: पडद्याची दोरी कॉटमध्ये पोहोचत होती आणि ड्रॉवरचं कपाट भिंतीला पक्कं केलेलं नव्हतं. कॉट खिडकीपासून हलवली, दोरी उंच बांधली, कपाट स्क्रूने भिंतीला जखडलं. केलेलं सगळं कागदावर लिहून दोघांनी खाली तारीख टाकली.

रात्री जाग आली की उठून तपासायचं नाही. नवऱ्यानेही धीर द्यायचा नाही, एवढंच म्हणायचं, “कागदावर आहे.” पहिल्या काही रात्री त्या रडल्या, त्याला हे निर्दयपणाचं वाटलं. पण हुरहूर आपोआप ओसरते, हे त्यांना तेव्हाच अनुभवायला मिळालं. हळूहळू उठणं कमी झालं.

बाळ झाल्यावर श्वास बघायला उठणं सुरू होईल, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. पाजायला उठाल तेव्हा बघा, ते पुरतं. नवऱ्याला मात्र वेगळं सांगितलं: बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येईना, दोन आठवडे असंच चाललं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करून बसेन असं तिच्या तोंडून आलं, तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी न्या.