जिम रीव्ह्ज ऐकायला घेताना

स्वस्तातली 'ग्रेटेस्ट हिट्स' दिसली की लगेच उचलू नकोस, आधी मागची बारीक अक्षरं वाच. हा अमेरिकन कंट्री गायक ३१ जुलै १९६४ला नॅशव्हिलजवळ विमान कोसळून गेला, जेमतेम चाळिशीत. तरी 'नव्या' रेकॉर्डी पुढे कित्येक वर्षं निघतच राहिल्या! जुन्या टेपवरचा आवाज घ्यायचा आणि मागे नवा वाद्यमेळ चढवायचा. १९६६ला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'डिस्टंट ड्रम्स' असंच तयार झालेलं. ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण १९८१चं गायिका पॅट्सी क्लाइनसोबतचं युगुलगीत? दोघंही कधीच गेलेले, टेपा जोडून त्यांना एकत्र गायला लावलं. ते कलम माझ्या गळी उतरत नाही.

सुरुवात अशी कर. १९५३चं 'मेक्सिकन जो' लाव: चढा, खणखणीत आवाज. लगेच त्यावर १९५७चं 'फोर वॉल्स'. तोच गायक यावर विश्वास बसणार नाही. ओठ माइकला जवळजवळ चिकटलेले, पट्टी खाली, कानाशी बोलल्यासारखं गाणं. निर्माता चेट ॲटकिन्स. फिडल मागे सरलं, मऊ कोरस पुढे आला.

भक्तिगीतांसाठी १९६२चा 'वी थँक दी' घे. रात्री, हेडफोन लावून. शब्द संपतानाचा श्वास ऐक.

नाताळचा १९६३चा अल्बम मुद्दाम शोधावा लागणार नाही. वसईत किंवा गोव्यात कुणाकडे तरी सापडेलच.