'मोबाइल एजंट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: बिनतारी संगणनावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'मोबाइल एजंट'ला 'भ्रमणध्वनी अभिकर्ता' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'अभिकर्ता' शासकीय परिभाषेतला, जड आहे, पण चुकीचा नाही. अर्थ बिघडतो तो 'भ्रमणध्वनी'मुळे. इथे फोनचा संबंधच नाही, फिरतो तो खुद्द प्रोग्रॅम. एका यंत्रावर चालता चालता तो थांबतो, तोवर केलेलं सगळं काम सोबत घेऊन नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर जातो आणि जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. जनरल मॅजिक कंपनीच्या टेलिस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी 'गो' ही आज्ञाच होती.

बिनतारी जोडणीत याचं मोल फार. १९९०च्या दशकात जीएसएम या मोबाइल फोनच्या जाळ्यावर डेटा सेकंदाला ९,६०० बिट इतक्याच वेगाने जायचा, वर जोडणी मध्येच तुटायची. स्वस्त तिकीट शोधायचं तर दर चौकशीला हवेतून एक हेलपाटा. एजंट मात्र एकदाच रवाना करायचा. तो तिकडेच दहा ठिकाणी विचारणार, ताडून पाहणार आणि निकाल तेवढा आणणार. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या 'एजंट टीसीएल' या असे एजंट चालवणाऱ्या प्रणालीत तर परतीच्या वेळी लॅपटॉप बंद असला, तर एजंट नेमून दिलेल्या दुसऱ्या यंत्रावर मुक्काम करायचा आणि लॅपटॉप जोडला गेला की घरी यायचा.

म्हणून माझी पसंती 'फिरता दूत'. 'फिरता' आपल्या सरावाचा आहे: फिरता दवाखाना, फिरता विक्रेता. आणि 'दूत' म्हणजे नुसता निरोप्या, हा आक्षेप मला पटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दूत तीन प्रकारचे आहेत. 'शासनहर' फक्त लेख पोचवतो, 'परिमितार्थ' नेमून दिलेल्या कामापुरतं बोलतो आणि 'निसृष्टार्थ' तिथल्या तिथे निर्णय घेतो. साधा संदेश हा शासनहर. आपला एजंट उरलेल्या दोघांच्या जातीचा, आणि त्याला किती मोकळीक द्यायची हे पाठवणारा ठरवतो.

शिवाय क्रियापदं आपोआप जुळतात. असे एजंट लिहिण्यासाठी आयबीएमने केलेल्या 'ॲग्लेट्स'मधल्या 'डिस्पॅच'ला 'रवाना करणे', 'रिट्रॅक्ट'ला 'माघारी बोलावणे'. 'अभिकर्ता माघारी बोलावला' हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. अभियंत्यांच्या आपसातल्या बोलण्यात 'मोबाइल एजंट' राहू द्या. सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना मात्र 'फिरता दूत' लिहा.