‘असली पुस्तकं वाचून पोरगी उलटी बोलायली’

औसा तालुक्यातल्या एका आईनं विचारलेला हा प्रश्न आहे: “मॅडम, पुस्तकात बाप लेकीला नाही नाही ते बोलतो. हे वाचूनच आमची पोरगी उलटी बोलायली. वाचन बंद करावं का?” मुलगी अकरावीत, लातूरला रूम करून नीटची तयारी करते. इथं तिला वैष्णवी म्हणू; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुट्टीत घरी आल्यावर तिच्या बॅगेत किशोरवयीन मुलांसाठीची एक कादंबरी सापडली. आईनं मधलंच एक पान वाचलं आणि पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या रात्री मुलगी जेवली नाही.

मी दिलेला पहिला सल्ला होता पुस्तक परत देण्याचा. काढून घेतलं की मूल वाचायचं थांबत नाही, मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या कथांकडे वळतं. तिथं काय वाचलं जातंय हे घरात कुणालाच कळत नाही. शिवाय त्या पुस्तकाविषयी घरात बोलायची वाट बंद होते, हे नुकसान जास्त मोठं.

दुसरा सल्ला आईनं स्वतः वाचण्याचा. पूर्ण जमत नसेल तर पहिली दोन प्रकरणं, सगळ्यात खटकलेला प्रसंग आणि शेवटची दोन प्रकरणं तरी वाचावीत. अशा बऱ्याच कादंबऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा ‘मी’ म्हणून गोष्ट सांगतो. सुरुवातीला ती मुलगी स्वतःच म्हणते, ‘चूक माझीच होती.’ तेवढंच पान वाचणाऱ्याला वाटतं, पुस्तक हेच शिकवतंय. खरं तर अपमान रोज होत असला की माणूस तो असाच स्वतःवर ओढून घेतो, आणि चांगला लेखक ते जसंच्या तसं दाखवतो. पुढं तिला कळतं का, कुणी तरी तिचं ऐकून घेतं का, यावर पुस्तकाचं मोल ठरवावं.

उलट प्रकारही असतो, त्याबद्दल सावध राहिलंच पाहिजे. नायक नायिकेचा फोन तपासतो, मैत्रिणी तोडायला लावतो, चारचौघांत ओरडतो, नंतर रडून माफी मागतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. ‘मी असं बोललोच नव्हतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्यही त्यात हमखास असतं. शेवटी काहीच न बदलता लग्न लागतं आणि याला जिवापाड प्रेम म्हटलं जातं. अशा कथेवरही बंदी उपयोगाची नाही, पण बोलल्याशिवाय सोडूही नये. माफीनंतर त्याच्या वागण्यात नेमकं काय बदललं ते पुस्तकात दाखव, एवढं मुलीला विचारलं तरी ती पानं उलटून शोधू लागते.

वैष्णवीची कादंबरी पहिल्या प्रकारची होती. आई ती घेऊन आली तेव्हा काही ओळींखाली पेन्सिलच्या रेघा दिसल्या. शिव्यांच्या, आरडाओरड्याच्या एकाही ओळीखाली रेघ नव्हती. रेघा होत्या त्या चाचणीत मार्क कमी पडले की बाप आठवडाभर बोलत नाही त्या प्रसंगांना. आईनं पुस्तक मिटलं आणि मग सांगितलं: रविवारच्या टेस्टचे मार्क आले की वैष्णवीचे पप्पा फोनवर येत नाहीत. आईच बोलते, आणि बोलता बोलता ‘तुझ्यापायी रान गहाण टाकलंय’ हे निघतंच.

वडील म्हणाले, “आम्ही तर बापाचा मार खाल्ला. मी साधं बोटसुद्धा लावलं नाही.” ते खरंच होतं, आणि या माणसाचा लेकीवर जीव होता. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही अपमान करणं, खिल्ली उडवणं, नावं ठेवणं हे हिंसेतच मोजलंय. मार लागतोच असं नाही. रागावणं वेगळं. ते एका कृतीबद्दल असतं आणि संपतं. मुलाची किंमतच काढणारं बोलणं, किंवा कधी संपेल हे न सांगता धरलेला अबोला, पुन्हा पुन्हा होत राहिला की मूल खचतं.

वडिलांना अबोल्याऐवजी एकच वाक्य दिलं: ‘मला आत्ता राग आलाय, उद्या सकाळी आठला बोलू.’ आणि आठला फोन करायचाच. टेस्टच्या दिवशी फोनवर पहिली पाच मिनिटं मार्कांचा विषय नको. पहिल्या रविवारी ‘जेवलीस का’ विचारून झालं आणि लगेच रँक विचारली गेली. असं होतं. पुढच्या खेपेला गावात पाऊस किती झाला, सोयाबीन कसं आहे, हे विषय आधीच ठरवून घेतले, तेव्हा जमलं.

आईकडून वेगळीच गडबड झाली. ती रोज संध्याकाळी फोनवर पुस्तकाचे प्रश्न विचारू लागली आणि त्याची तोंडी परीक्षा झाली. वैष्णवी ‘हो, नाही’वर आली. असं बोलणं आठवड्यातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं पुरतं, आणि समोरासमोर बसवून करू नये. तुरीच्या शेंगा सोलताना, एसटीत शेजारी बसून, हात आणि नजर दुसरीकडे असताना मुलं मोकळी होतात. प्रश्न पात्राबद्दल ठेवावा: ‘ती तुझी मैत्रीण असती तर तू तिला काय सांगितलं असतंस?’ ‘तुला असं कोण बोलतं?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये, मूल लगेच मिटतं. उत्तरात आपलंच नाव आलं तर सफाई न देता आधी पूर्ण ऐकावं. वैष्णवीनं दिवाळीच्या सुट्टीत आईला सांगितलं की रानाचं ऐकलं की रात्रभर अभ्यासाच्या पुस्तकातली एक ओळ डोक्यात जात नाही. आईनं तेव्हा फक्त ऐकलं. रान गहाण आहे हे मुलीला ठाऊकच आहे, ते दर रविवारी सांगायची गरज नाही, असं तिचं तिनंच ठरवलं.

आता पुस्तक घरात उघड्यावर असतं. मार्क अजून वरखाली होतात.

ज्या पालकांना अशी वही-पुस्तकं सापडतील त्यांनी रेघा, दुमडलेली पानं, समासातली अक्षरं जरूर पाहावीत, पण खासगी डायरी गुपचूप वाचू नये. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल, मैत्रिणी तुटल्या असतील, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं ऐकू आलं तर पुस्तकाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीतून बोलता येतं. घरातच मुलावर अत्याचार होत असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करावा.