इंदूरमध्ये आई एकटी असते; तिची शुगर डॉक्टरांना मेसेजवर कळवली तर चालेल का?

चालेल, फक्त आकडा एकटा पाठवू नका. 'उपाशीपोटी १६८' एवढ्यावरून डॉक्टर काय सांगणार? 'मंगळवार, सकाळी ७, उपाशीपोटी १६८, रात्री सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी, गोळी घेतली' असं लिहिलं की डोस बदलायचा की जलेबी, ते लगेच कळतं. सासऱ्यांचे आकडे मी इथूनच असे पाठवते. मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन नियमांत मेसेजवरून सल्ला मान्य आहे, पण पहिल्यांदा नाव-वय द्यावं लागतं. रुग्णालयाचं लॉगिनवालं ॲप असेल तर तेच वापरा. रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकू नका. आत्याचे काढे सुरू होतात.

एक मात्र: शुगर ७० च्या खाली गेली तर मेसेज करून उत्तराची वाट बघायची नाही. आधी तीन छोटे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गुंगी असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना, म्हणून शेजारच्या काकूंचा नंबर जवळ ठेवा. आणि दर तीन महिन्यांची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) व पायांची नियमित तपासणी मेसेजवर होत नाही, त्यासाठी आईंना जावंच लागेल.